लोकरीच्या पानांवरचे देव

सोवळ्याचे नियम कुणी केले ते मला ठाऊक नाही. पण ज्यानं केले त्याला रडतं मूल घरात असताना कधी स्वयंपाक करावा लागला नसणार, एवढं मी छातीठोकपणे सांगते.

माझं सासर सांगलीला, घाटापासून चार गल्ल्या आत. घरात माणसं तीनच. सासूबाई, मी आणि माझी मुलगी. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. आमचे यजमान पुण्याला लष्करी कचेरीत कारकून होते. लढाईची वर्षं, रजा मिळायची नाही. महिन्या-दोन महिन्यांनी यायचे, दोन दिवस पोटभर जेवायचे, आणि निघताना आईच्या पाया पडून माझ्याकडे बघून नुसती मान हलवायचे. त्याला आमचा संसार म्हणत.

सकाळी सहाला आंघोळ करून मी धाबळी नेसायची. धाबळी म्हणजे लोकरीचं पांढरं वस्त्र. लोकरीला आणि रेशमाला विटाळ नाही, सुताला आहे. एकदा ती नेसली की देवाला नैवेद्य दाखवून पानं उठेपर्यंत, म्हणजे बारा-साडेबारापर्यंत, सुती कपड्यातल्या कुणीही मला हात लावायचा नाही. लावला तर मी पुन्हा आंघोळ करायची आणि स्वयंपाक नव्यानं मांडायचा. मुलगी उघडी-नागडी होती तोवर काही अडलं नाही, कारण नागड्या मुलाला विटाळ नसतो. मी तिला मांडीवर घेऊन भाकरी थापत असे. ती दोन वर्षांची झाली आणि सासूबाई म्हणाल्या, "मुलीच्या जातीला उघडं ठेवू नये आता." मग तिच्या अंगावर सुती झबलं आलं. त्या दिवसापासून माझी मुलगी सकाळभर मला ओवळी झाली.

ती उंबऱ्याबाहेर बसून रडायची. कुरकूर नव्हे, चांगलं भोकाड. मी चार हातांवर चुलीपाशी. ती हात पुढे करी आणि मी विळी-पाट घेऊन मागे सरके. एवढ्याशा जिवाला काय कळणार? तिला वाटे, आई आपल्याला टाळते आहे. टाळतच होते. दुपारी धाबळी सोडून मी तिला उचलायला गेले की ती रुसून पाठ फिरवी.

सासूबाई चार-सहा महिने ऐकून घेत राहिल्या. मग एके दिवशी जपाची माळ खाली ठेवून त्या म्हणाल्या, "ही रोज अशीच घर डोक्यावर घेणार असेल तर साताऱ्याला देऊन टाकू. ताईचं घर रिकामंच आहे."

ताई म्हणजे त्यांची मुलगी, माझी थोरली नणंद. साताऱ्याच्या एका वकिलांना दिलेली. लग्नाला बारा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. सासूबाई हे एकदाच बोलल्या असत्या तर मी राग म्हणून सोडून दिलं असतं. पण आठ दिवसांनी पुन्हा बोलल्या, आणि मग यजमान आले तेव्हा त्यांच्यासमोर बोलल्या. यजमानांनी ताकाची वाटी तोंडाला लावली. नाही म्हणाले नाहीत. तेव्हा मी ठरवलं, काही झालं तरी ही मुलगी सकाळी गप्प बसली पाहिजे. गप्प बसली तर माझ्याजवळ राहील.

बाळंतपणात मी मिशनच्या एका दवाखान्यात होते. तिथल्या नर्सबाईंच्या टेबलावर कापडाचं एक पुस्तक होतं. पानं जाड, मऊ. एका पानावर होडी आणि तिच्यात प्राणी, दुसऱ्यावर मेंढरं. प्राणी सुटे निघत आणि खिशात जात. वॉर्डातली पोरं त्यावर तास तास बसत. त्या पुस्तकात त्यांच्या देवाच्या गोष्टी होत्या. आपले देव काय कमी आहेत, असं मला वाटलं. घरी मात्र मी हे कुठे पाहिलं ते बोलले नाही. बोलले असते तर पुस्तक आणि मी, दोघंही एकदमच शुद्धीला नदीवर गेलो असतो.

सुती कापडाचं पुस्तक स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर चाललं नसतं. लोकरीचं चाललं असतं. लोकरीचं असलं तर मीही सोवळ्यात त्याला हात लावू शकले असते; एखादं बटण अडकलं तर सोडवून परत दिलं असतं. आम्हां दोघींना एकाच वेळी हातात धरता येईल अशी एक तरी वस्तू घरात झाली असती. हे मी सासूबाईंना सांगितलं नाही. "देवादिकांची पानं करते, नावं शिकेल," एवढंच सांगितलं.

सासऱ्यांचा संस्थानच्या कचेरीतला लाल बनातीचा लोकरी कोट ट्रंकेत होता. त्याला कसर लागली होती. खाल्लेला भाग सोडून जो उरला तो सासूबाईंनी कुरकुरत का होईना, दिला. दूध घालायला नदीपलीकडून एक बाई येत असे. तिनं काळ्या घोंगडीचा तुकडा आणून दिला. "आमच्यात लय पडल्यात, घ्या," म्हणाली. माझ्या जुन्या धाबळीचा पदर मी हळदीत बुडवून पिवळा केला. सांगलीत हळदीला काय तोटा. हिरवा रंग कुठेच मिळेना. शेवटी कराडहून माझ्या वडिलांनी त्यांचा हिरवा मफलर पाठवला. आई मला नव्हती. मास्तरकीतून निवृत्त झालेल्या त्या एकट्या माणसाची थंडीची सोय मी तुळशीच्या पानांत कातरून टाकली.

दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की मी माजघराच्या खिडकीशी शिवत बसे. सहा पानं. पहिल्यावर गणपती, त्याच्या हाताशी खिसा आणि खिशात लोकर भरलेला मोदक. दुसऱ्यावर वृंदावन, तुळशीची पानं सुटी, कोटाच्या पितळी बटणांना अडकवायची. तिसऱ्यावर पाळण्यातला बाळकृष्ण. त्याला उचलता येई आणि पांघरूण घालता येई. चौथ्यावर काळा नंदी, गळ्यात घुंगरू. पाचव्यावर मारुती, त्याची शेपूट तीन पदरी, वेणी घालायला. सहाव्यावर निरांजन. त्याची पिवळी ज्योत फटीतून वर ओढली की पेटे, खाली ढकलली की शांत होई.

हे सगळं सुखासुखी झालं असं समजू नका. सासूबाईंनी पहिल्याच पानाला हरकत घेतली. सोवळ्यात शिवलेलं वस्त्र चालत नाही, मग शिवलेलं पुस्तक कसं चालेल? प्रश्न बिनतोड होता. तो त्यांनी पितृपक्षात जेवायला आलेल्या भटजींपुढे टाकला. भटजींचं सगळं लक्ष पानावर, आणि पान अजून वाढलेलं नव्हतं. "लोकर कशीही असो, लोकरच," ते म्हणाले. "अंगावर नेसायची नाही ना? मग झालं. धागा मात्र सुती नको." मी मनातल्या मनात त्यांना दोन मुदी भात जास्त वाढला.

धाग्याची अट तेव्हापासून सासूबाईंनी पक्की धरली. मफलर उसवून निघालेल्या लोकरीनंच मी शिवत होते, पण ती लोकर घुंगरांच्या बारीक भोकातून जाईना. नंदीचं घुंगरू मी गुपचूप काळ्या दोऱ्यानं टाकलं. कुणाला कळणार आहे, म्हटलं. सासूबाईंनी प्रत्येक पानावरच्या प्रत्येक जोडणीचा थोडा धागा कातरून निखाऱ्यावर धरला. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर, चिंधी जळल्याचा आला तर सूत. पाच पानं पास झाली. नंदीपाशी त्या थांबल्या, नाक वर केलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उसव." मी सगळं पान उसवलं. घुंगराला रेशमाचा धागा घालून ते पुन्हा शिवण्यात दोन दुपारी गेल्या. देवाला एवढं बारीक हुंगता येत असेल असं मला वाटत नाही.

पुढे मुलगी गणपतीची सोंड चोखायला लागली. लोकरीला विटाळ नाही हे खरं, पण उष्ट्याचं काय? मग मी सोंड दाबून चपटी शिवली. अशा एकेक तोडी काढत चैत्रात ते पुस्तक पुरं झालं.

आणि जादू झाल्यासारखी मुलगी गप्प झाली. उंबऱ्याबाहेर पाटावर पुस्तक, पाटापाशी ती. आत मी चुलीपुढे. मी आतून म्हणे, "बाप्पाला भूक लागली गं." ती मोदक काढून त्याच्या तोंडाला लावी. "दिला," म्हणे. "आता कृष्णाला झोप आली." ती पांघरूण घाली. "दिवा लाव बघू." ज्योत वर येई. भाकरी फुगेपर्यंत एक देव, आमटीला फोडणी बसेपर्यंत दुसरा. कधी बटण अडकलं की ती पुस्तक उंबऱ्यावरून आत सरकवी. मी सोडवून परत देई, तेव्हा एखाद्या पानाची एक कड तिच्या हातात असे आणि एक माझ्या. तेवढ्यावर मी सकाळ काढत असे. ते चार-पाच महिने माझ्या त्या घरातल्या सगळ्या वर्षांत सर्वांत चांगले गेले, हे मला कबूल केलं पाहिजे.

सासूबाई खूश. "गुणाची झाली हो," असं त्या शेजारणींना सांगत. शेजारणी पुस्तक बघायला येत. साताऱ्याचं नाव निघेनासं झालं. मी जिंकले असं मला वाटत होतं. काय हा मूर्खपणा!

भाद्रपदात गौरींसाठी ताई, म्हणजे माझ्या वन्सं, माहेरी आल्या. वन्सं वाईट असत्या तर फार बरं झालं असतं, मला त्यांना मनसोक्त शिव्याशाप देता आले असते. त्या मऊ स्वभावाच्या, हसऱ्या, हातात नेहमी काहीतरी खाऊ. आणि माहेरवाशीण. म्हणजे काम नाही, सोवळं नाही, सकाळभर मोकळी मांडी. त्या पहिल्याच दिवशी उंबऱ्याशी मुलीजवळ जाऊन बसल्या. "मला दाखव गं तुझे देव." मुलीनं एकेक देव दाखवला. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या मांडीवर बसून दाखवायला लागली. गौरींचा मोठा स्वयंपाक होता. माझे हात पुरणात कोपरापर्यंत. मी आतून म्हटलं, "बाप्पाला भूक लागली गं." काही आवाज नाही. पुन्हा म्हटलं. तेव्हा वन्सं हसून म्हणाल्या, "अगं, आमचा बाप्पा केव्हाच जेवला." मुलगी त्यांच्या गळ्यात पडून खिदळत होती. माझ्याकडे तिनं मान वळवूनही पाहिलं नाही.

ते मला तेव्हा दिसलं. दिसूनही मी पुरण वाटत राहिले. वाटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे.

गौरी बोळवल्यानंतर सासूबाईंनी सांगितलं, "ताई हिला चार दिवस साताऱ्याला नेते. हवापालट होईल. आता काही ती रडत नाही तुझ्यासाठी, पुस्तक दिलं की बसते. बरोबर दे ते." मी म्हटलं, "पुण्याला विचारायला नको का?" तर पुण्याहून पत्र आधीच आलेलं होतं. त्यात लिहिलं होतं, आई म्हणते ते योग्यच असेल.

मुलगा असता तर दत्तक देताना होम झाला असता, चार माणसं जमली असती. मुलीचं कसलं दत्तकविधान! चार दिवस म्हणायचं आणि न्यायचं. सगळे समजून होते. मीही समजून होते. मी जिच्यासाठी एवढा खटाटोप केला ती माझ्यावाचून बसायला शिकली होती, आणि ते मीच शिकवलं होतं. ती पूर्वीसारखी रडती असती, उंबऱ्यावर डोकं आपटती असती, तर वन्संनी तिला नेण्याचं धाडस केलं नसतं. परक्या घरी रडून जीव नकोसा करणारं मूल कोण नेतं?

टांगा सकाळी दहाला आला. दहाला. म्हणजे मी सोवळ्यात. गाडीची वेळच तशी होती, असं सासूबाई म्हणाल्या. मी स्वयंपाकघरातून माजघरात, माजघरातून ओटीच्या दारापर्यंत आले आणि उभी राहिले. मुलगी वन्संच्या कडेवर, नवीन झबलं, काखेत पुस्तक. वन्सं माझ्याजवळ आल्या, पण हातभर अंतर ठेवून थांबल्या. माझ्या धाबळीला धक्का लागू नये म्हणून त्यांनीच जपलं. "आईला अच्छा कर," म्हणाल्या. मुलीनं हात हलवला. मग थोडी वाकली, माझ्याकडे येण्यासाठी दोन्ही हात पुढे केले.

मी मागे सरले.

सवयीनं सरले. दीड वर्षाची सवय. दारात दूधवाली चरवी घेऊन उभी होती. ती सगळं बघत होती. ती ओरडली, "आवं वैनी, उचला की तिला! काय हुतंय? उचला!" आतून सासूबाईंचा आवाज आला, "नैवेद्य व्हायचाय अजून." मी उचललं नाही. टांगा गेला. दूधवालीनं दूध ओतलं आणि निघून गेली. त्यानंतर माझ्याशी ती पूर्वीसारखी कधी बोलली नाही.

उचललं असतं तर काय झालं असतं? एक आंघोळ. बंब तापलेला होता. पुन्हा आंघोळ करून पुन्हा भात टाकायचा, देव तासभर उशिरा जेवले असते. या एका गोष्टीबद्दल मी सासूबाईंना, यजमानांना, भटजींना, साऱ्या गोताला बोल लावून पाहिला. तो कुणालाच चिकटत नाही. हात माझे होते.

चार दिवसांचे पंधरा झाले. मग दसरा झाला की, मग दिवाळीनंतर. मग तिला खोकला आहे, प्रवास नको. मग उन्हाळा फार. यजमानांना मी प्रत्येक खेपेला म्हणे, आणि ते दर वेळी म्हणत, "बघू." पुढच्या वर्षीच्या दिवाळीत त्यांनी एकदाची चार दिवसांची रजा काढली. भाऊबीज साताऱ्याला करायची ठरली. मी तिचे कपडे ठेवायला बरोबर रिकामी ट्रंक घेतली. यजमानांनी ट्रंकेकडे पाहिलं आणि ते तिकिटं काढायला गेले. सातारा रोडला उतरून मोटारीनं गावात शिरलो तेव्हा डोंगरावर ऊन होतं.

मुलगी ओसरीवर होती. केवढी झाली होती! परकर-पोलकं, दोन वेण्या, गालावर मांस चढलेलं. मला बघून खांबाआड गेली. मग परक्या माणसांना घर दाखवतात तशी हळूहळू पुढे आली आणि पुस्तक घेऊन माझ्यापुढे बसली. "हा बाप्पा," म्हणाली. "याच्या खिशात मोदक असतो. तुला ठाऊक नसेल." पान उलटलं. "हा दिवा. असा ओढायचा." मी ओढला. "आईनं दाखवला मला," ती म्हणाली, आणि वन्सं ज्या दारातून आत गेल्या होत्या त्या दाराकडे बोट केलं.

दुपारी वन्सं मला मागल्या दारी घेऊन गेल्या. त्यांच्याकडे स्वयंपाकाला बाई होती. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "तू ट्रंक आणलीस ती मी बघितली," म्हणाल्या. "पोर तुझी आहे, तू नेलीस तर मी अडवणार नाही. पण ऐकून घे. यांच्या घरी दुसऱ्या लग्नाचं बोलणं ठरत आलं होतं. मुलगी पाहून झाली होती. ही आली, यांच्या मांडीवर बसायला लागली, आणि ते बोलणं मागे पडलं. आता ते संध्याकाळी कोर्टातून थेट घरी येतात. नेलीस तर वर्षाच्या आत या घरात सवत येईल." त्या रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर मला राग तरी धरता आला असता. 

संध्याकाळी सगळे ओसरीवर बसलो होतो. यजमान सुपारी कातरत होते. वकील घरी आले, टोपी खुंटीला लावली, मुलीला मांडीवर घेतलं आणि कौतुकानं विचारलं, "पाहुणे आलेत ना? हे कोण, सांग बघू." तिनं यजमानांकडे बघून "मामा" म्हटलं. तेवढं तिला आधीच शिकवलेलं होतं. "आणि या?" वकिलांनी माझ्याकडे हात केला.

तिला सांगता येईना. तिनं वन्संकडे पाहिलं. वन्संनी ओठ उघडले, मिटले आणि माझ्याकडे पाहिलं. दोन्ही शब्द त्यांच्या तोंडातून निघेनात. सगळं त्यांनी माझ्यावर टाकलं. अडकित्त्याचा आवाज थांबला. यजमानांनी मान वर केली नाही. ट्रंक आतल्या खोलीत होती. मला एक शब्द बोलायचा होता आणि तो माझा होता, तो माझ्याकडून कुणी हिसकावून घेतलेला नव्हता.

"अगं," मी म्हटलं, "मी तुझी मामी."

"मामी," ती म्हणाली, आणि आज ती स्वतः दोन मुलांची आई आहे, अजून तेच म्हणते.